खाडा आणि सुट्टी

वर्षप्रतिपदेच्या दिवशी आमच्या मराठवाड्यात दोन गोष्टी एकाच सकाळी घडतात. घरोघर गुढी उभी राहते, दाराला आंब्याचे डहाळे लागतात, पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी पडतात, आणि पारावर पंचांग उघडून यंदा पाऊसपाणी कसे होणार याचे भविष्य सांगितले जाते. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट मालकाच्या ओसरीवर घडते. सालगड्याचे साल त्या दिवशी संपते आणि नवे साल त्याच दिवशी धरले जाते. रोख किती, ज्वारीची पोती किती, कपड्यांचे जोड किती, उचल किती आणि गेल्या सालात खाडे किती झाले, या सर्वांचा हिशेब तेथे होतो. ज्या दिवशी आनंद करावा असे रूढी सांगते, त्याच दिवशी गरिबाच्या वर्षभराच्या कष्टांचा करारही होतो.

नव्या वर्षात रोजची कर्तव्ये आणि जीवनातला आनंद यांचा मेळ कसा घालावा, असा विषय व्याख्यानांतून वारंवार येतो. पहाटे उठावे, मन शांत ठेवावे, छंद जोपासावा, असा उपदेश त्यावर होतो. तो उपदेश खोटा नाही. पण आमचे आयुष्य हमाल, ऊसतोड मजूर आणि दुकानांतील नोकर यांच्या संघटनेत गेले. शाळा आमच्या वाट्याला थोडी आली. जे शिकलो ते ग्रंथालयात बसून आणि कामगारांच्या हिशेबाच्या वह्या तपासून. म्हणून या विषयाकडेही आम्ही वहीच्या बाजूनेच पाहणार आहोत.

दोन शब्दांतील अंतर

मजुराच्या बोलीत कामावर न जाण्याला दोन शब्द आहेत. एक खाडा, दुसरा सुट्टी. दोन्हींत माणूस घरीच असतो. पण या दोन दिवसांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

खाडा हा एकट्याचा असतो. बाकीचे कामावर आणि हा घरी, म्हणून त्याला चोरट्यासारखे वाटते. त्याची मजुरी कापली जाते, कधी वरून दंड बसतो. तो घरी असला तरी त्याचे चित्त कामावर असते, आणि मुलाला खांद्यावर घेऊन जत्रेत हिंडतानाही आजचे किती बुडाले याची आकडेमोड त्याच्या डोक्यात चालू असते. सुट्टी ही सर्वांची असते. ती अगोदर ठरलेली असते, मालकाला ठाऊक असते, बायकोला ठाऊक असते. तिचा कोणाला जाब द्यावा लागत नाही. म्हणून सुट्टीत आनंद होऊ शकतो. खाड्यात फार तर सुटका होते.

पगारदार मंडळींनीही हे ताडून पाहावे. ज्याला ठरलेली सुट्टी आहे, पण रविवारीही साहेबाचा फोन वाजेल या धास्तीने जो यंत्र उशाशी घेऊन झोपतो, त्याचा रविवार हा खाडाच होय. मुलाच्या स्नेहसंमेलनाला गेलो तर काम राहील आणि काम केले तर मुलगा खट्टू होईल, अशी ज्याची रोज ओढाताण होते, त्याने आनंदाचे दिवस कधी ठरवलेलेच नसतात. तो उरलेल्या वेळाची वाट पाहत बसतो. आणि उरलेला वेळ नावाची वस्तू या जगात कोणाला मिळालेली आम्ही तरी पाहिली नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. कर्तव्य आणि आनंद यांचा मेळ दिवस मावळताना बसत नाही. तो वर्ष सुरू होताना बसवावा लागतो. आणि एकट्याच्या निश्चयाने तो फार काळ टिकत नाही. चारचौघांच्या संमतीनेच टिकतो. याचा सर्वांत मोठा दाखला मराठी माणसाच्याच इतिहासात आहे.

रविवार कोठून आला

आज कॅलेंडरात रविवार तांबड्या शाईने छापलेला दिसतो. तो निसर्गाने दिला नाही आणि कोणा राजाने उदार होऊन बहाल केला नाही. मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्या तेव्हा काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. आठवड्याची अशी ठरीव सुट्टी नव्हती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, पण तो मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या, एवढेच त्याने दिले. मोठ्या माणसांच्या तासांना त्यात काही मर्यादाच नव्हती.

या काळात नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते सत्यशोधक, जोतीराव फुले यांचे सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेले 'दीनबंधु' पत्र १८८० पासून लोखंड्यांनी चालवले. गिरणीत नोकरी केल्यामुळे तेथील जिणे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. त्यातील मागण्या पाहण्यासारख्या आहेत. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघात झाल्यास भरपाई. मजुरी वाढवा हे त्यात पहिले कलम नव्हते. पहिली मागणी वेळेची होती.

पुढची सहा वर्षे खटपट चालली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, हे विसरता कामा नये. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच साली, १८९१ च्या कायद्याने, आठवड्याची सुट्टी कायद्यात आली आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले गेले. लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये वारले. त्यांचे नाव कित्येकांस ठाऊक नाही. पण रविवारी सकाळी जो कोणी जरा उशिरा उठतो, तो त्यांचा ऋणी आहे.

या दिवसाचे समर्थन लोखंड्यांनी कशाच्या आधारे केले? रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस पोटासाठी खपणाऱ्या माणसाला एक दिवस समाजाच्या कामासाठी मिळाला पाहिजे, अशी ही मांडणी होती. सुट्टी म्हणजे नुसते अंग टाकणे असे त्यांना अभिप्रेत नव्हते. देव, घर, वाचन, सभा, चार माणसांचे सुखदुःख, यांच्यासाठी तो दिवस त्यांनी मागितला. विश्रांती आणि आनंद यांत माणसाचे माणूसपण आहे, हे त्यांना नेमके कळले होते.

पुढची पायरी तासांची होती. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषाचे काम बारा तासांवर आणले. १९२२ साली ते अकरा तास झाले, आठवड्याचे साठ. १९३४ साली दहा तास, आठवड्याचे चोपन्न. १९४६ साली आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसवर आले आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच मर्यादा ठेवून वर भरपगारी रजा दिली, दर वीस दिवसांच्या कामाला एक दिवस. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या कामगार संहितेतही आठ तासांचा दिवस आणि सहा दिवसांचा आठवडा हेच माप घेतले आहे. जगाच्या पाठीवर हेच घडत होते. आठ तास काम, आठ तास मौज, आठ तास विश्रांती, ही कल्पना इंग्लंडात रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ च्या सुमारास मांडली. तिच्यासाठी १ मे १८८६ पासून अमेरिकेत संप झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९१९ सालचा पहिलाच करार कामाच्या तासांविषयी आहे. बारा तासांचे आठ व्हायला शंभर वर्षे लागली. आनंदाचा एकेक तास असा मोजून मिळालेला आहे.

मिळालेल्या वेळाचे काय झाले

"मजुराला सुट्टी दिली तर तो दारूच्या गुत्त्यावर जाईल," असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. त्याला गिरणगावानेच उत्तर दिले. लालबाग-परळच्या चाळींतून भजनी मंडळे उभी राहिली, तालमी निघाल्या, कामगार रंगभूमी निघाली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढले, ते याच मातीतले. १९५३ साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला आणि पुढे गावोगावच्या कामगार कल्याण केंद्रांतून वाचनालये, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा चालल्या. हातात वेळ आल्यावर मजूर काय करतो, हे या इतिहासात दिसते.

माणूस दारूकडे वळतो तो वेळ फार झाला म्हणून नव्हे. चौदा तास राबून आलेल्या शरीराला गाणे ऐकण्याचे त्राण नसते, मुलाशी बोलण्याचे नसते, पुस्तकाची दोन पाने उलटण्याचे तर नाहीच नाही. त्याला फक्त विसर पाहिजे असतो, आणि विसर बाटलीत स्वस्त मिळतो. आज तो मोबाइलच्या पडद्यावर त्याहूनही स्वस्त मिळतो. रात्री दीड वाजेपर्यंत बोटाने चित्रे सरकवीत बसलेला मनुष्य आनंदात आहे असे आम्हांस वाटत नाही. तो थकलेला आहे, एवढेच त्याचे निदान. आनंद घ्यायलाही अंगात ताकद लागते, आणि ती ताकद विश्रांतीतून येते.

येथे काही सज्जन म्हणतात, कामातच आनंद माना म्हणजे सुट्टीचा प्रश्नच उरत नाही. आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. एका माणसाने लांबच लांब कापडावर अक्षरे काढीत संपूर्ण पंचीकरण लिहिले. ते कामच होते आणि आनंदही होता, यात शंका नाही. पण ते काम दासोपंतांनी स्वतः निवडले होते. त्यांच्यावर मुकादम उभा नव्हता. मनाचे काम आणि पोटाचे काम यांत फरक आहे. पोटाचे काम चोख करावे, त्यात कसब मिळवावे, त्याचा अभिमानही बाळगावा. हमालही थप्पी सरळ लागली म्हणजे दोन पावले मागे होऊन पाहतो, हे आम्ही जाणतो. तथापि कामाच्या अभिमानाने माणसाची सुट्टी फिटत नाही.

फाटकाच्या आत आणि बाहेर

आता बीड जिल्ह्याकडे येऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, फडाशेजारी कोपी घालून पाच-सहा महिने राहायचे. पहाटे ऊस तोडायला लागायचे, मोळ्या बांधायच्या, आणि वाहन येईल तेव्हा भरायचे. मग ते रात्री दोनला का येईना. वाढे विकून मीठ-मिरची आणायची. टनाच्या हिशेबाने उचल फिटते. न फिटल्यास ती पुढच्या सालावर चढते.

या सहा महिन्यांत सुट्टी नाही. आजारी पडले तर खाडा, पोर आजारी पडले तर खाडा. ज्या साखर कारखान्याला हा ऊस जातो, त्याच्या फाटकाच्या आत आठ तासांची पाळी आहे, आठवड्याची सुट्टी आहे, रजेचा हिशेब आहे. गाळप तर आत रात्रंदिवस चालू असते. फाटकाच्या बाहेर, त्याच साखरेसाठी राबणाऱ्या माणसाला यांतले काही नाही. "ऊस थांबत नाही, म्हणून सुट्टी देता येत नाही," असे सांगितले जाते. आमच्या शेजारी परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे १९७१ साली वीज निघू लागली. वीज उसाहूनही थांबत नाही. पण तेथे पाळ्या लावल्या गेल्या आणि प्रत्येकाला आळीपाळीने सुट्टी मिळाली. काम अखंड चालणे आणि माणूस अखंड राबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्राची गरज असते. दुसरी माणसाने माणसावर लादलेली असते.

सुट्टी नसण्याची किंमत किती जबर असते, हे २०१९ साली सर्व देशाने पाहिले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. तिच्या कारणांत गरिबी, आरोग्यसेवेचा अभाव आणि नफेखोरी यांच्याबरोबर खाड्याच्या दंडाची भीतीही होती. महिन्यातील दोन दिवस अंग टेकण्याची सोय नाही, म्हणून शरीराचा अवयवच गमवायचा, यापेक्षा भयंकर हिशेब कोणत्या वहीत असेल?

सणांचेही तसेच. आमच्या योगेश्वरी मातेचा मार्गशीर्षातला उत्सव हा या गावाचा मोठा आनंद. पण त्या दिवसांत तालुक्यातील कित्येक घरांना कुलपे असतात. भक्त कोल्हापूर-साताऱ्याच्या फडात असतो. संक्रांत फडात, शिमगा फडात. पट्टा पडला की तो पाडव्याच्या मागे-पुढे घरी पोहोचतो. म्हणून पाडवा हा आमच्या जिल्ह्यात खरोखर नव्या वर्षाचा दिवस आहे. सहा महिन्यांनंतर घराचे कुलूप त्याच सुमारास निघते.

आपल्या चालीरीतींतले शहाणपण

आमच्या जुन्या लोकांनी आनंदाची सोय वर्षाच्या चाकातच बसवून ठेवली होती. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करायची, त्याला जेवायचे आवतण द्यायचे. काम कितीही अडले तरी त्या दिवशी बैल जुंपणारा शेतकरी गावात तोंड दाखवू शकत नाही. मुक्या जनावराची ती सुट्टी आहे, आणि ती साऱ्या गावाने मान्य केलेली आहे, म्हणूनच टिकली आहे. बैलाला पोळा आहे; सालगड्याला काय आहे, असा प्रश्न आम्ही सभांतून विचारतो, तेव्हा लोक हसतात आणि मग गप्प होतात.

दुसरी चाल वेळ अमावास्येची, म्हणजे आमच्या बोलीत येळवशीची. लातूर, धाराशिव आणि आमचा हा सीमेवरचा मुलूख यांतच तिचे खरे कौतुक. मार्गशीर्ष अमावास्येला सारे घर शेतात जाते. कडब्याची कोप उभी करतात, भज्जी, उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवतात, आणि मग येईल त्याला जेवू घालतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि रानात माणसे मावत नाहीत. ज्या जमिनीत वर्षभर घाम गाळला, तिथेच बसून हसत-खेळत जेवायचे. कष्टाची जागा आणि आनंदाची जागा एकच करणारा याहून चांगला सण आमच्या पाहण्यात नाही. ही अमावास्या इंग्रजी नव्या वर्षाच्या आगेमागेच येते.

तिसरी चाल वारीची. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परळीवरून अंबाजोगाईला येते, ती साऱ्यांनी पाहिली आहे. वारकरी "वेळ मिळाला तर जाऊ" असे म्हणत नाही. आषाढी एकादशी ठरलेली आहे. तिच्याभोवती तो आपली पेरणी, आपली देणी-घेणी, आपल्या घरची कार्ये बसवतो. भाऊ शेताकडे पाहतो, शेजारी गुरांना पाणी दाखवतो. वारकरी उठून जातो म्हणून संसार बुडत नाही, कारण त्याचे जाणे अगोदर ठरलेले असते आणि इतरांनी ते आपलेसे केलेले असते.

पोळा, येळवस आणि वारी यांत एकच सूत्र आहे. दिवस आधी ठरतो, तो सर्वांचा असतो, आणि मागचे काम कोणीतरी वाटून घेतो. लोखंड्यांचा रविवारही याच सूत्राने उभा राहिला.

घरातील मालक आणि घरातील सालगडी

एवढे बोलून आम्ही थांबलो तर आमचे म्हणणे अर्धेच होईल. पुरुषाला सुट्टी मिळाली म्हणजे घराला सुट्टी मिळाली असे होत नाही. सणाच्या दिवशी तर घरातील बाईचे काम दुप्पट होते. पुरण शिजवायचे, वाटायचे, पोळ्या लाटायच्या, पाहुण्यांच्या पंगती उठवायच्या आणि शेवटी गार झालेले आपण खायचे. पुरुषाचा सण हा बाईचा हंगाम असतो. फडावर तर ती पुरुषाच्या बरोबरीने ऊस तोडते आणि कोपीत परत आल्यावर चूल पेटवते. पुरुष तेवढा वेळ पाठ टेकतो. तिला खाडासुद्धा नाही, कारण तिच्या या कामाची नोंद कोणत्याच वहीत नाही.

आम्ही कामगारांच्या सभेत मालकाला जे विचारतो, तेच घरी गेल्यावर आपल्याला कोणी विचारले तर काय उत्तर देऊ? ज्या घरात एकाचा आनंद दुसऱ्याच्या पाठीवर उभा आहे, तेथे मेळ बसला असे म्हणता येणार नाही. यास्तव घरातील हिशेबही पाडव्यालाच व्हावा. आठवड्यातील एक वेळचा स्वयंपाक पुरुष आणि मुले करतील, भांडी मुलगाही घाशील, माहेरचे चार दिवस कोणते हे आधी ठरेल. या गोष्टी लहान वाटतात. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही १८८४ साली लहानच वाटली असेल.

नव्या सालात काय लिहावे

"शेतीचे काम तारखा पाहत नाही," हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पेरणीच्या, काढणीच्या दिवसांत सुट्टी मागू नये. पण वर्षाचे सगळेच दिवस पेरणीचे नसतात. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही सात दिवसांतून एक दिवस विश्रांती ठरवण्याची तरतूद होती आणि शेतीकाम त्या कायद्याच्या अनुसूचीत होते. कायद्याचे कलम मात्र ओसरीपर्यंत पोहोचले नाही. उचल फिटेपर्यंत माणूस बांधून ठेवणे हा तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे गुन्हा झाला. दुकानातील नोकरांचीही अशीच कथा. २०१७ साली राज्यात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा झाला, तेव्हा तो दहा किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांना लावला गेला. आमच्यासारख्या गावात दहा नोकरांचे दुकान शोधावेच लागते. जेथे कायदा पोहोचत नाही, तेथे करार आणि संघटना पोहोचली पाहिजे.

सालगड्यांना आणि मालकांना आम्ही सांगतो ते असे. साल धरताना रोख आणि ज्वारी यांच्याबरोबर महिन्याचे दोन तरी दिवस भरपगारी सुट्टी म्हणून लिहा. पाडवा, पोळा, दसरा, दिवाळी आणि गावची जत्रा हे दिवस नावानिशी लिहा. आजारपणाचे दिवस वेगळे धरा. वर्षाचा मोबदला लाखाच्या वर गेल्याच्या बातम्या पाडव्याला वर्तमानपत्रांत येतात, तरी गडी मिळत नाही अशी मालकांची तक्रार असते. ज्याने सुट्टी लिहून दिली, त्याच्याकडे गडी टिकतो, हा आमचा अनुभव आहे.

टोळीने उचल ठरवताना मुकादमापुढे एकच गोष्ट सर्वांनी मिळून मांडावी. आठवड्यातून एक दिवस कोयता खाली राहील, आणि बाईच्या आजारपणाला दंड नसेल. एका कोयत्याने हे मागितले तर त्याला दुसऱ्या टोळीचा रस्ता दाखवला जाईल. वीस कोयत्यांनी मागितले तर बोलणे करावेच लागेल.

पगारदारांनी आपापल्या घरी वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर लावतानाच बारा दिवस खुणेने बांधून टाकावेत, महिन्याला एक. त्या दिवशी नाटक पाहावे, मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत उतरावे, हत्तीखान्याच्या लेण्यांत मुलांना घेऊन जावे, जुन्या मित्राकडे उगाच जाऊन बसावे. खर्चासाठी घरातल्या घरात भिशी घालावी. कर्ज काढून केलेला आनंद ही पुढच्या सालाची उचलच असते. लग्नाच्या एका दिवसाच्या थाटासाठी तीन साले फडावर काढलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

आणि एक तास वाचनाचा ठेवावा. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. आमच्यासारख्यांना जी अक्षरे मिळाली ती अशा उसन्या रात्रींतूनच मिळाली. आज ज्यांचा दिवस त्यांच्या स्वतःच्या हातात आहे, त्यांनी तो तास वाया घालवू नये.

पाडव्याला कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर वाटून देतात. दोन्ही एकाच घासात असतात, हे ध्यानात घ्यावे. अकरा महिने कडुनिंब खा आणि बाराव्या महिन्यात गूळ देऊ, असे कोणत्याही आजीने नातवाला सांगितलेले नाही. श्रीमंताला आणि गरिबाला, पुरुषाला आणि स्त्रीला तो घास सारखाच मिळतो. नव्या सालाचे कागदही तसेच लिहिले जावेत, एवढ्यासाठी आमची खटपट आहे. ज्यांच्या हाती पुढच्या पाडव्याला लेखणी असेल, मग ते मालक असोत, मुकादम असोत की घरचे कर्ते असोत, त्यांनी खाड्याचा रकाना आखण्यापूर्वी सुट्टीचा रकाना आखावा.